वालधुनीत मिसळलेला रंग कुणाचा? डाय-पिगमेंटचे कारखाने आणि एकमेकांच्या हाती असलेली सुरक्षितता

नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस एका पहाटे उल्हासनगरच्या वडोल गावातली माणसं खोकतच उठली. डोळे चुरचुरत होते, मळमळत होतं, श्वास पुरत नव्हता. एकामागून एक तीनशेहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. रात्रीच्या अंधारात कुणीतरी टँकरभर रासायनिक सांडपाणी वालधुनी नदीच्या पात्रात ओतून दिलं होतं.

नुसतं पाणी ओतल्याने माणसं गुदमरतात कशी? कारण नाल्यात आधीपासून काय वाहतंय हे ओतणाऱ्याला माहीत नसतं. एक साधं उदाहरण घ्या. काळं सुती कापड रंगवायला ‘सल्फर ब्लॅक’ नावाचा स्वस्त रंग वापरतात. तो पाण्यात विरघळावा म्हणून त्यात सोडियम सल्फाइड घालतात, आणि त्याचा अंश सांडपाण्यात उतरतो. दुसऱ्या एखाद्या कारखान्याचं आम्लयुक्त पाणी याच्याशी गाठ पडलं की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. दोन्ही पाणी आपापल्या जागी बरी असतात. भेट झाली की जीव घेतात.

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या पट्ट्यात रसायनं, रंग, रंगाला लागणारे कच्चे पदार्थ आणि कापड रंगवणं-धुणं यांचे लहानमोठे उद्योग वर्षानुवर्षं एकमेकांना खेटून चालत आले आहेत. इथे कुठल्याही एका मालकाला ‘मी माझ्यापुरता नीट वागतो’ असं म्हणून सुटता येत नाही. शेजाऱ्याचं पाणी त्याच्याच नाल्यात येतं, शेजाऱ्याची आग त्याच्याच भिंतीला लागते आणि शेजाऱ्याच्या खराब मालामुळे परदेशातला ग्राहक सगळ्यांच्याच मालाकडे संशयाने बघतो. म्हणून या धंद्यात सुरक्षिततेचे नियम पाळायचे तर एकत्र येणं भाग पडतं. काही बाबतींत हे एकत्र येणं उत्तम जमलं आहे आणि काही बाबतींत सपशेल फसलं आहे. का, ते बघू.

आधी आम्ल, मग रंग

अंबरनाथला रासायनिक कारखानदारी आली ती रंगांच्या आधी. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ साली स्थापन झाली आणि तिने अंबरनाथला गंधकाम्ल म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड आणि सुपरफॉस्फेट खत बनवायला घेतलं. रेल्वे होती, पाणी होतं, मुंबई जवळ होती. गंधकाम्ल हे रंगांच्या रसायनशास्त्रातलं मीठ-मिरची आहे, त्याशिवाय पान हलत नाही. शिवाय गिरणगावाला रंगांची भूक होती आणि माटुंग्याच्या यूडीसीटीत रंगरसायन शिकून तयार होणारे तंत्रज्ञ होते. तिथले प्राध्यापक के. वेंकटरामन हे या विषयातलं जगभर मानलं जाणारं नाव. १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी सिंधी निर्वासितांचं उल्हासनगर उभं राहिलं, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि या लाइनीवर रसायनांचे गाळे भरत गेले.

डाय आणि पिगमेंट यांत फरक इतकाच, की डाय विरघळतो आणि कापडाच्या धाग्यात शिरतो, तर पिगमेंट विरघळत नाही. त्याचे बारीक कण शाईत, रंगलेपात किंवा प्लॅस्टिकमध्ये पसरलेले राहतात. बनवण्याची वाट मात्र बरीचशी एकच. खनिज तेलापासून मिळणारं बेंझीन किंवा नॅप्थलीन घ्यायचं, त्यावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करायची, गंधकाम्लाची करायची, मग त्यातून अमाइन नावाचे पदार्थ तयार करायचे. पुढची पायरी सर्वांत नाजूक. अमाइनवर सोडियम नायट्राइट आणि आम्लाची क्रिया शून्य ते पाच अंश तापमानात करावी लागते. त्यासाठी डायच्या कारखान्यात बर्फ थेट टाकीत टाकण्याची पद्धत आहे. बर्फ कमी पडला, ढवळणारं यंत्र बंद पडलं, की तयार झालेला डायझोनियम क्षार फुटू लागतो, फेसाळतो. कोरडा पडला तर त्याचा स्फोटही होऊ शकतो. सगळं नीट झालं तर हा क्षार दुसऱ्या एका पदार्थाशी जोडला जातो आणि पिवळा, नारिंगी, लाल रंग डोळ्यांदेखत उमटतो. ज्यांनी प्रयोगशाळेत तो क्षण पाहिला असेल त्यांना या धंद्याची भुरळ का पडते हे सांगावं लागत नाही.

पण रंगाबरोबर जे उरतं ते फार असतं. ‘एच-ॲसिड’ हा अनेक निळ्या-काळ्या-लाल रंगांचा पाया. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावी काही कारखान्यांनी ऐंशीच्या दशकात सुमारे ३७५ टन एच-ॲसिड बनवलं आणि मागे सुमारे २,४०० टन विषारी गाळ ठेवला. किलोमागे सहा किलोंहून जास्त घाण. तिथल्या विहिरींचं पाणी तपकिरी झालं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये या प्रकरणात ‘घाण करणाऱ्यानेच ती साफ करण्याचा खर्च द्यायचा’ हे तत्त्व ठणकावून सांगितलं. युरोपने हे पदार्थ बनवणं कमी करत आणलं आणि ते काम भारत आणि चीनकडे सरकलं, त्यामागे स्वस्त मजुरीइतकाच हा गाळही आहे.

हळू भिनणारं विष

रंग प्यायला तर माणूस मरतो का? बहुधा नाही. ही गोष्ट आपल्याला ठामपणे सांगता येते याचं श्रेयही उद्योगांच्या एकत्र येण्याला आहे. स्वित्झर्लंडमधलं बाझल हे सीबा, गायगी, सँडोझ या रंगकंपन्यांचं गाव. तिथे १९७४ साली ‘ईटॅड’ ही रंग आणि सेंद्रिय पिगमेंट बनवणाऱ्यांची संघटना निघाली. तिचा विषय विक्री नव्हे. रंगांचा माणसावर आणि निसर्गावर काय परिणाम होतो हे तपासणं, एवढंच तिचं काम. एकेका कंपनीने शेकडो रंग तपासायचे तर खर्च परवडत नाही, आणि एकच रंग पाच कंपन्यांनी पाच वेळा तपासण्यात अर्थही नाही. म्हणून माहिती एकत्र केली गेली. चार हजारांहून अधिक रंगांची आकडेवारी जमवल्यावर दिसलं, की बहुसंख्य रंगांची तात्काळ विषबाधा फार कमी आहे. धोकादायक निघाले ते मोजके.

खरी भीती वेगळीच होती आणि ती फार जुनी होती. १८९५ साली फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी किरमिजी रंगाच्या एका कारखान्यातल्या ४५ कामगारांपैकी तिघांना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचं नोंदवलं. पुढे कळलं की दोषी आहेत ते रंग बनवताना वापरले जाणारे काही अमाइन. त्यांतलं बेंझिडीन सर्वांत बदनाम. आज ते माणसात कर्करोग करणारं म्हणून निःशंकपणे मानलं जातं. आणि हा आजार लगेच होत नाही. संपर्कानंतर दहा, वीस, कधी त्याहून अधिक वर्षांनी लघवीतून रक्त जायला लागतं.

इथे जरा थांबायला हवं. आपल्याकडे रंगाच्या गाळ्यात काम करणारा माणूस अनेकदा कंत्राटी असतो. आज इथे, दोन वर्षांनी दुसऱ्या गाळ्यात, मग गावी परत. वीस वर्षांनी जळगावात किंवा गोरखपूरला त्याला कर्करोग झाला, तर तिथला डॉक्टर ‘तंबाखू खाता का?’ विचारेल. ‘अंबरनाथला कुठल्या टाकीवर होतात?’ असं कोण विचारणार? जर्मनीत रेन यांना तीन रुग्ण दिसले कारण कामगार त्याच गावात म्हातारे झाले. आपल्याकडे रुग्ण दिसत नाहीत याचा अर्थ रुग्ण नाहीत असा काढणं धोक्याचं आहे.

अमाइन रंगात बांधलेलं असतं तोवर ठीक. पण अझो रंगांमध्ये दोन नायट्रोजन अणूंची एक जोडगोळी असते. आतड्यातले आणि त्वचेवरचे जिवाणू ती तोडू शकतात, आणि मग मूळ अमाइन पुन्हा मोकळं होतं. म्हणजे बेंझिडीन कारखान्याच्या दारात सोडून आलो असं वाटतं, पण ते कपड्यात लपून घरी आलेलं असतं.

पिगमेंटचंही असंच एक उदाहरण आहे. छपाईच्या शाईतले आणि प्लॅस्टिकमधले पुष्कळसे पिवळे रंग ‘डायअरिलाइड’ जातीचे असतात. ते विरघळत नाहीत म्हणून निर्धोक समजले जात. पण प्लॅस्टिक वितळवताना तापमान २०० अंशांच्या वर गेलं तर ते फुटतात आणि बेंझिडीनचा भाऊबंद असलेलं डायक्लोरोबेंझिडीन सुटतं, असं दिसून आलं. ईटॅडने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच सूचना काढली, की २०० अंशांवर हे पिगमेंट वापरू नका. कुठल्याही सरकारचा कायदा येण्याची वाट न बघता, स्वतःच्याच विकल्या जाणाऱ्या मालाविरुद्ध. अशा सूचनेचं मोल बादल्या, खुर्च्या बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला जास्त आहे, कारण त्याच्याकडे हे तपासायची सोय नाही. त्याच्या हातात रंगाची गोणी आणि सोबतचा सुरक्षा-माहितीपत्रक नावाचा सोळा भागांचा कागद एवढंच येतं. तो कागद बहुधा इंग्रजीत असतो आणि बहुधा ऑफिसातल्या फायलीत असतो. गोणी फोडणारा माणूस मात्र मशीनवर असतो.

जर्मनीने दार लावलं तेव्हा

जुलै १९९४ मध्ये जर्मनीने कर्करोगकारक अमाइन सोडू शकणाऱ्या अझो रंगांनी रंगवलेल्या, अंगाला लागणाऱ्या वस्तूंवर बंदी घातली. भारतीय निर्यातदारांची झोप उडाली. कपडे, चादरी, चामड्याच्या वस्तू, सगळ्यांत हे रंग होते. जर्मनी हा मोठा ग्राहक. अडवलेला माल परत आणायचा खर्च मालाच्या किमतीहून जास्त.

पुढे जे झालं ते आपल्या सवयीच्या मानाने आश्चर्यकारक होतं. बेंझिडीनपासून बनणाऱ्या ४२ रंगांवर भारतात १९९३ पासून बंदी होतीच. मार्च १९९७ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने आणखी ७० अझो रंग बंद केले. एकूण ११२. रंग बनवणाऱ्यांच्या संघटना, कापड निर्यातदार आणि तपासणी प्रयोगशाळा एकाच कामाला लागल्या. कोणता रंग कशाने बदलायचा याच्या याद्या फिरू लागल्या. ‘अझो-फ्री’ हा शब्द सुरतपासून तिरुपूरपर्यंत प्रत्येक व्यापाऱ्याच्या तोंडी बसला. शब्द चुकीचाच आहे, कारण बहुतेक अझो रंग निर्धोक असतात आणि आजही वापरात आहेत. पण काम झालं. युरोपीय संघाने २००२ मध्ये हीच बंदी सगळ्या सदस्य देशांना लागू केली, किलोमागे ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा घालून. तोवर आपले मोठे उत्पादक तयार होते.

२००७ मध्ये युरोपने ‘रीच’ नावाचा आणखी मोठा कायदा आणला. वर्षाला एक टनाहून जास्त रसायन युरोपात पाठवायचं तर त्याच्या सुरक्षिततेची माहिती भरून नोंदणी करा, नाहीतर बाजार बंद. त्यात एक शहाणपणाची तरतूद आहे: एकच पदार्थ विकणाऱ्या सगळ्यांनी मिळून एकच माहिती-संच द्यायचा आणि खर्च वाटून घ्यायचा. धंद्यात एकमेकांचे गळे धरणाऱ्यांना इथे एका टेबलावर बसावं लागतं. छोट्या कारखानदाराला हा वाटाही जड जातो, हे खरं आहे. अनेकांनी थेट निर्यात सोडून मोठ्या कंपन्यांना माल द्यायला सुरुवात केली, ती यामुळेच.

अझो बंदी यशस्वी का झाली? देशप्रेमाने नाही आणि नैतिकतेनेही नाही. हॅम्बुर्गच्या बंदरात शर्टाचा एक तुकडा कापून प्रयोगशाळेत टाकला की कुणाचा शर्ट, कोणता रंग, किती अमाइन, सगळं उघड होत होतं. चूक करणाऱ्याचं नाव त्या गठ्ठ्यावर छापलेलं होतं.

आणि हाच धागा नदीत तुटतो

आता वालधुनीकडे परत या. अंबरनाथजवळच्या काकोळ्याच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी शिलाहारांच्या शिवमंदिराच्या कुशीतून जाते. मंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. तिथून ती उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण करत खाडीला मिळते. लोकलच्या दारात उभं राहणाऱ्यांना तिची ओळख नाकाने होते.

पाणी प्रदूषण कायदा १९७४ चा आहे. प्रत्येक कारखान्याने स्वतःचं सांडपाणी स्वच्छ करूनच सोडायचं असा नियम आहे. पण दोन हजार चौरस फुटांच्या गाळ्यात अख्खं शुद्धीकरण केंद्र बसत नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून एक सामायिक केंद्र काढायचं ही कल्पना आली. त्यालाच सीईटीपी म्हणतात. अंबरनाथमध्ये रासायनिक उत्पादकांची यासाठी सहकारी संस्था आहे, चिखलोली-मोरिवली भागाचं वेगळं केंद्र आहे आणि बदलापूरचं वेगळं. मालकांनी एकत्र येऊन, वर्गणी काढून, सरकारी अनुदान घेऊन हे उभं केलं. कागदावर याहून चांगलं सहकार्य नाही.

अडचण पाण्यात आहे. सीईटीपीत आधी सगळं पाणी एका मोठ्या टाकीत मिसळतात, चुना वगैरे घालून आम्लता मारतात, गाळ बसवतात आणि मग हवा सोडून जिवाणूंकरवी उरलेली घाण खाऊन घेतात. जिवाणू सांडपाण्यातली साखर, स्टार्च, मैला आनंदाने खातात. रंग मात्र त्यांच्या घशाखाली सहज उतरत नाही, कारण रंग बनवणाऱ्याने तो ऊन, घाम, साबण आणि ब्लीचला दाद देऊ नये म्हणूनच तयार केलेला असतो. जो गुण साडीत हवा तोच नदीत नको. त्यात रिॲक्टिव्ह रंगांचा पाचवा, कधी तिसरा हिस्सा कापडाला न चिकटता धुण्याच्या पाण्यात जातो, आणि लिटरमागे एक मिलिग्रॅम रंगसुद्धा डोळ्याला दिसतो. त्यातच कुणी एकाने रात्री कडक आम्ल सोडलं तर जिवाणूंची अख्खी वसाहत मरते. ती पुन्हा वाढायला आठवडे लागतात. तेवढे दिवस नीट वागणाऱ्या सगळ्यांचं पाणीही जवळपास तसंच बाहेर पडतं.

गावातली दूध डेअरी आठवा. तीही सहकारीच. पण तिथे किटली मोठ्या कॅनमध्ये रिकामी करण्याआधी प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घेतात, फॅट काढतात, वहीत लिहितात. पाणी घातलेलं दूध सगळ्यांच्या दुधात मिसळल्यावर मग ‘कुणी घातलं?’ असं विचारत बसत नाहीत. सीईटीपीला सामायिक वाहिनीने पाणी येतं तिथे नेमकं हेच होऊन बसतं. टाकीत मिसळलं की सगळ्यांचं झालं, म्हणजे कुणाचंच राहिलं नाही. जिथे टँकरने पाणी आणतात आणि उतरवण्याआधी नमुना तपासतात, तिथे गोष्ट डेअरीसारखी चालू शकते. तिसरी गोम अशी, की या संस्थांचे पदाधिकारी स्वतः सभासद कारखानदारच असतात. शेजारच्या गाळेवाल्याची वाहिनी तोडायची वेळ आली की हात कचरतो. उद्या आपली पाळी आली तर?

पाण्यासारखाच गाळाचा प्रश्न. घातक गाळ आणि रसायनं तळोज्याच्या विल्हेवाट केंद्राला पाठवायची असतात आणि त्याचे पैसे मोजावे लागतात. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार प्रत्येक खेपेबरोबर सात प्रतींचा दस्तऐवज जातो. प्रत्येक प्रतीचा रंग ठरलेला: पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी, करडी. पाठवणारा, वाहतूकदार, केंद्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्यात त्या फिरतात, म्हणजे निघालेला टँकर पोचला की नाही हे जुळवून बघता येतं. रंगाच्या धंद्याला शोभेल अशी ही युक्ती आहे. पण टँकर कागदाशिवायच निघाला तर सातही रंग निरुपयोगी. नियमाने वागणारा वाहतूक आणि विल्हेवाट दोन्हींचे पैसे भरतो, त्याचा माल महाग होतो. न वागणारा टँकरवाल्याच्या हातात थोडे पैसे टेकवतो आणि स्वस्तात विकतो. प्रामाणिक माणसाला बाजारातच शिक्षा होते.

मग न्यायालयं आली. ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने नगरपालिका, महापालिका, एमआयडीसी आणि सीईटीपी यांना कोट्यवधी रुपये भरायला सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. उल्हासनगरच्या जीन्स धुणाऱ्या-रंगवणाऱ्या कारखान्यांना टाळी लागली. नदीला थोडा श्वास मिळाला, पण हजारो लोकांचा रोजगार एका झटक्यात गेला आणि काही युनिटं शांतपणे आसपासच्या गावांत जाऊन सुरू झाली. घाऊक बंदी ही सरकारची हतबलता असते. कोण चुकतंय ते वेगळं काढता येत नाही, तेव्हा सगळ्यांनाच बंद करतात.

बदलापूरकरांना आणि कल्याणकरांना यात दुहेरी काळजी आहे. बदलापूरच्या बॅरेजवर, जांभूळला, मोहोने-शहाडला उल्हास नदीतूनच पिण्याचं पाणी उचललं जातं. ठाणे जिल्ह्याचा मोठा भाग त्यावर जगतो. उल्हासनगरचा खेमाणी नाला याच नदीला मिळतो, म्हणून तो वळवण्यासाठी इतकी वर्षं आरडाओरड झाली.

हवेत काय सुटलंय, हे आधी कुणाला कळतं?

पाण्याची घाण निदान दिसते. जून २०२१ मध्ये एका रात्री बदलापूरच्या शिरगाव एमआयडीसी भागात एका कारखान्यातली रासायनिक क्रिया जास्त तापली आणि वायू पसरला. लोक घराबाहेर आले, श्वास घ्यायला त्रास, डोळ्यांत आग. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या मोरिवली भागात धुरकट थर पसरला आणि लोक तोंडाला रुमाल लावून फिरले. शेजारच्या डोंबिवलीत तर जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडल्याची आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाल्याची बातमी देशभर गाजली. थट्टा खूप झाली. पण रस्ता रंगवणारी ती पूड कामगाराच्या फुप्फुसातही जात असणार, याची चर्चा कमी झाली. काही रिॲक्टिव्ह रंगांच्या धुळीने कामगाराला दम्यासारखा त्रास जडू शकतो, आणि एकदा तो जडला की पुढे चिमूटभर धूळही पुरते. उपाय अवघड नाही: रंग पुडीऐवजी दाणेदार किंवा द्रवरूपात विकायचा, आणि पूडच वापरायची तर तिच्या जागी हवा खेचणारा पंखा बसवायचा.

अपघाताच्या वेळी काय करायचं यासाठी भोपाळनंतर कायदे झाले. कारखाने कायद्यात १९८७ मध्ये बदल करून धोकादायक कारखान्यांना कामगार आणि आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती देणं बंधनकारक केलं. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनी तर प्रत्येक औद्योगिक पट्ट्यासाठी ‘स्थानिक आपत्ती गट’ सांगितला. यादी वाचण्यासारखी आहे. अध्यक्ष प्रांताधिकारी, सचिव कारखाने निरीक्षक. सोबत कारखान्यांचे प्रतिनिधी, घातक रसायनं वाहून नेणारे वाहतूकदार, अग्निशमन अधिकारी, पोलीस, डॉक्टर, सर्वांत जवळच्या वस्तीचा सरपंच किंवा पुढारी, स्वयंसेवी संस्थेचा माणूस, आणि स्थानिक वर्तमानपत्राचा संपादकसुद्धा. या गटाने दर महिन्याला भेटायचं आणि दर सहा महिन्यांनी एकदा पूर्ण तालीम करायची. टँकरवाले आणि सरपंच एकाच टेबलावर बसवण्याची ही कल्पना ज्याला सुचली त्याला जमिनीवरची खरी परिस्थिती ठाऊक होती.

याच्या जोडीला कारखान्यांनी स्वतःहून केलेली एक चांगली गोष्ट म्हणजे ‘मार्ग’. ठाणे-बेलापूर, तळोजा, पाताळगंगा अशा पट्ट्यांत मोठ्या कंपन्यांनी करार केले, की एकाकडे आग लागली तर दुसऱ्याचा फोमचा साठा, श्वसनयंत्रं, प्रशिक्षित माणसं धावून जातील. स्पर्धक कंपनीचा बंब आपल्या फाटकातून आत येतो तेव्हा ती आपली कोठारं बघते, साठा बघते, चुका बघते. एकमेकांवर देखरेख ठेवण्याचा याहून साधा मार्ग नाही. मात्र या करारांत मोठे येतात, छोटा गाळेवाला बाहेर राहतो. आणि अंबरनाथ-बदलापूरचा बराचसा धंदा छोट्यांचाच आहे.

मग इथे काय होऊ शकतं?

तंत्र नवं शोधायला नको. प्रत्येक कारखान्याच्या बाहेर पडणाऱ्या नळावर, सामायिक वाहिनीला मिळण्याआधी, कुलूपबंद नमुना-पेटी ठेवता येते. ती दर काही तासांनी आपोआप थोडं पाणी बाटलीत भरून ठेवते. सीईटीपीचे जिवाणू मेले की त्या रात्रीच्या बाटल्या उघडायच्या. शंभर मीटरवर कुणाचं पाणी होतं ते सकाळी कळेल. टँकरवर जीपीएस बसवता येतो आणि त्याची वाट त्या सात रंगांच्या कागदाशी जुळवून बघता येते. नमुना तपासणारा माणूस मात्र संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या हाताखालचा नको, एवढं पथ्य पाळावं लागेल. यंत्रणा महाग आहे अशी तक्रार येईल. पण सगळा पट्टा महिनाभर बंद राहिला तर काय खर्च येतो, ते उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांना विचारा.

आणि नागरिकांनी? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्यांना देत असलेली संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर बघायला मिळतात. कोणता कारखाना काय बनवतो, किती पाणी सोडू शकतो, घातक गाळ कुठे पाठवायचा, हे त्यात लिहिलेलं असतं. स्थानिक आपत्ती गटाची शेवटची बैठक कधी झाली, शेवटची तालीम कधी झाली आणि त्यात तुमच्या वॉर्डातलं किंवा गावातलं कोण होतं, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. अर्ज प्रांत कार्यालयात किंवा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या ठाणे विभागाकडे करा.